अर्ज आपला, अक्षर आपले



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा बारावीचे वर्ग नुकतेच सुरू झालेले असतील. गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न वारंवार आढळतो. घरात तीन पिढ्यांचा व्यापार आहे. मुलाला वा मुलीला बारावीनंतर अमेरिकेत शिकण्याची इच्छा आहे. त्या वाटेने घरातील कोणी आजवर गेलेले नाही. तेव्हा तेथील विद्यापीठांचे अर्ज कोणाकडून करून घ्यावेत? प्रश्न साधा आहे आणि विचारणाऱ्या पालकांची तळमळ खरी आहे. परंतु ‘कोणाकडून’ या एका शब्दात जो समज दडलेला आहे, त्याविषयी आज सविस्तर लिहावे असे वाटते. मागील खेपेस अशा एका अर्जाचा प्रवास मला जवळून पाहावयास मिळाला. त्या कुटुंबाची संमती घेऊन, नावे न देता, तो येथे सांगतो.

सांगलीच्या गणपती पेठेत माझ्या एका बालमित्राची हळदीची जुनी अडत पेढी आहे. पेठेत त्यांना सारे ‘आण्णा’ म्हणतात. त्यांचा मुलगा एके काळी महाविद्यालयात माझा विद्यार्थी होता. त्याची थोरली मुलगी गणितात हुशार. अर्थशास्त्र शिकावे ही तिची इच्छा. २०२४ च्या जून महिन्यात बापलेक माझ्याकडे आले. सोबत एका सल्लागार संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक होते. काही लाख रुपयांत ती संस्था विद्यापीठे निवडून देणार होती, निबंध ‘तयार करून’ देणार होती आणि मुलीच्या नावावर थोडे समाजकार्यही उभे करून देणार होती. पूरग्रस्त महिलांसाठी तिने एक संस्था स्थापन केली आहे असे दाखवायचे. त्यासाठी एक संकेतस्थळ आणि एका रविवारी काढलेली छायाचित्रे पुरेशी होती.

‘सर, माल कितीही चांगला असला तरी तो मांडावा लागतोच ना?’ मुलीचे वडील म्हणाले. ‘पेढीवर आपण नमुना ठेवतो, तोही निवडूनच ठेवतो.’

‘नमुना निवडून ठेवावा, पण तो त्याच पोत्यातला असावा,’ मी म्हणालो. ‘हळकुंडाला पिवळी झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट चोळणाऱ्याला तुम्ही पेठेत काय म्हणता?’

ते काही बोलले नाहीत. मुलगी मात्र बोलली. ‘पण सर, माझ्याकडे लिहिण्यासारखे खरोखरच काही नाही. शाळा, क्लास आणि संध्याकाळी दुकान. एवढेच.’

व्यापारी घरांतील अनेक मुलांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकले आहे. त्यांची यात चूक नाही. आपल्याकडे प्रवेश म्हणजे गुण. बारावीची टक्केवारी, सीईटी, जेईई, केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सुरू झालेली सीयूईटी. त्यातून गुणवत्ता यादी लागते, यादीतील क्रमांकाने जागा मिळते. अर्ज ही केवळ नोंदणी असते. ती दिवाणजींनी केली तरी बिघडत नाही. अमेरिकेतील बहुतेक नामांकित विद्यापीठांत मात्र गुण हा उंबरठा आहे, निर्णय नव्हे. गुणांनी पात्र ठरणारे विद्यार्थी उपलब्ध जागांहून कितीतरी अधिक असतात. म्हणून तेथील प्रवेश कार्यालयातील माणसे प्रत्येक अर्ज वाचतात आणि त्यातून एक व्यक्ती समजून घेण्याचा प्रयत्न करतात. हा विद्यार्थी कोणत्या परिस्थितीत वाढला, जे हाताशी होते त्याचे त्याने काय केले, आणि तो विचार कसा करतो, हे त्यांना पाहावयाचे असते.

हजाराहून अधिक विद्यापीठे व महाविद्यालये ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा एकच सामायिक अर्ज स्वीकारतात. दरवर्षी १ ऑगस्टला तो नव्या वर्षासाठी खुला होतो. त्यात नववी ते बारावीचे शैक्षणिक वृत्त, विद्यार्थ्याच्या उपक्रमांची यादी, एक व्यक्तिगत निबंध, शाळेचा अहवाल आणि शिक्षकांची शिफारसपत्रे असतात. याशिवाय अनेक विद्यापीठे स्वतःचे छोटे प्रश्न वेगळे विचारतात.

यातील उपक्रमांच्या यादीपासून आम्ही आरंभ केला. या यादीत जास्तीत जास्त दहा नोंदी करता येतात आणि प्रत्येकीच्या वर्णनासाठी अवघ्या १५० अक्षरांची जागा असते. आठवड्याचे किती तास आणि वर्षाचे किती आठवडे, हेही लिहावे लागते. मुलीने प्रथम लिहिलेल्या यादीत शाळेतील वक्तृत्व स्पर्धा, एक गणित परीक्षा आणि स्नेहसंमेलनातील सूत्रसंचालन एवढेच होते. मी तिला त्या अर्जातील प्रकारांची सूची नीट वाचावयास सांगितली. खेळ, संगीत, वादविवाद यांच्याच रांगेत तेथे दोन प्रकार स्पष्ट दिलेले आहेत: वेतन घेऊन केलेले काम आणि कौटुंबिक जबाबदारी. आजारी आजीची सेवा, धाकट्या भावंडांचा अभ्यास, घरच्या दुकानातील काम या साऱ्यांना तेथे मानाचे स्थान आहे. ज्या गोष्टीला ही मुलगी ‘संध्याकाळी दुकान, एवढेच’ म्हणत होती, तीच तिच्या यादीतील पहिली नोंद ठरली.

परंतु ‘वडिलांना दुकानात मदत करते’ या वाक्यातून काहीच दिसत नाही. काय करतेस, असे मी पुनःपुन्हा विचारत गेलो. हंगामात शेतकऱ्यांच्या पट्ट्या ती करते. वजन, भाव, हमाली, तोलाई, उचलीची वजावट. २०२१ च्या पुरानंतर, नववीत असताना, उचलीची सारी वही तिने संगणकावर उतरवली. हळकुंड मोडून, त्याचा आवाज आणि आतील रंग पाहून माल ओळखण्यास ती आजोबांकडून शिकली. हे सारे तिने १५० अक्षरांत बसवले तेव्हा त्यात एकही विशेषण उरले नाही, आणि तरीही ती नोंद भक्कम झाली. रविवारी पाठशाळेत ती लहान मुलांना शिकवते, हेही तिला नोंदवण्यासारखे वाटले नव्हते. चार वर्षे, दर रविवारी दोन तास. कोणत्याही एका दिवसाच्या शिबिराहून ही नोंद वजनदार आहे. वाचकहो, आपल्या मुलांची यादी करताना एवढे ध्यानात ठेवावे: दहाही रकाने भरलेच पाहिजेत असे नाही. सातत्याने केलेली चार कामे ही प्रमाणपत्रापुरत्या केलेल्या दहा कामांहून चांगली.

यानंतर निबंध. त्याची मर्यादा २५० ते ६५० शब्दांची. विषय विद्यार्थ्यानेच निवडायचा असतो. दिलेल्या सात सूचनांपैकी एक तर ‘आपल्या आवडीचा कोणताही विषय’ अशीच आहे. सर्वसाधारण चूक अशी होते की मुले या निबंधात आपल्या यशाची यादी पुन्हा देतात, किंवा थोर पुरुषांची वचने उद्धृत करून देशसेवेच्या संकल्पावर समाप्त करतात. शालेय निबंधाची ती सवय येथे उपयोगाची नाही. वाचणाऱ्याला विद्यार्थ्याचे मन कसे चालते हे पाहावयाचे असते. त्यासाठी एक लहान, खरा प्रसंग पुरतो.

मुलीने दोन-तीन प्रयत्न फाडून टाकले. ऑक्टोबरात एके दिवशी बोलता बोलता तिने २०१९ च्या ऑगस्टमधील प्रसंग सांगितला. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि पेठेतील दुकानांत अनेक दिवस पाणी होते. तेव्हा ती सातवीत होती. पाणी ओसरल्यावर पेढीच्या वह्या गच्चीवर वाळत घातल्या गेल्या. उचलीच्या वहीची बरीच पाने वाचण्यापलीकडे गेली होती. आण्णांनी शेतकऱ्यांना बोलावून घेतले आणि ज्याने जी रक्कम सांगितली ती नव्या वहीत लिहून घेतली. बहुतेकांचे आकडे जुळणारेच होते. एका शेतकऱ्याने मात्र पंधरा हजार सांगितले. या मुलीला पक्के आठवत होते की ती रक्कम चाळीस हजार होती. पूर्वी वहीतील आकडे आजोबांना वाचून दाखवण्याचे काम तिचेच होते. (ओळख पटू नये म्हणून रकमा येथे मी बदलल्या आहेत.) आण्णांनी पंधरा लिहिले. मुलगी रागावली, आठ दिवस दुकानात गेली नाही.

सातवीतील घटना उपक्रमांच्या यादीत बसत नाही; ती यादी नववीपासूनची. निबंधाला मात्र असे बंधन नाही. ‘हेच लिही,’ मी म्हणालो. तिला आश्चर्य वाटले. ‘पण यात मी काहीच केले नाही, सर. मी फक्त रागावले.’ मी म्हणालो, ‘का रागावलीस ते लिही.’

निबंधाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. तत्पूर्वी, या काळात तिच्या वडिलांशी जे बोलणे झाले त्यातील तीन गोष्टी सर्वच पालकांच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट शिफारसपत्रांची. बहुतेक ठिकाणी शाळेचे मुख्याध्यापक किंवा समुपदेशक यांचे एक आणि विषयशिक्षकांची एक वा दोन पत्रे लागतात. ती शिक्षक परस्पर पाठवतात. विद्यार्थ्याने ती पाहण्याचा हक्क सोडून द्यावा अशी प्रथा आहे, कारण त्यामुळे पत्राची विश्वासार्हता वाढते. आपल्याकडे लगेच आमदार, खासदार, उद्योगपती यांच्या पत्रांचा शोध सुरू होतो. डॉ. विक्रम साराभाई केंब्रिजला गेले तेव्हा त्यांच्यासाठी रवींद्रनाथ टागोरांनी शिफारसपत्र दिले होते, हे उदाहरण मला वडिलांनी ऐकवले. उदाहरण खरे आहे. परंतु रवींद्रनाथ अहमदाबादेत साराभाईंच्या घरी पाहुणे म्हणून राहिलेले होते, त्या घरच्या मुलांना ते ओळखत होते. पत्राचे मोल ओळखीत असते. ज्या शिक्षकाने मुलीला वर्गात चुकताना आणि पुन्हा प्रयत्न करताना पाहिले आहे, त्याचे साधे पत्र मुलीला कधी न भेटलेल्या मंत्र्याच्या पत्राहून श्रेष्ठ. मात्र आपल्या शिक्षकांना अशा पत्रांची सवय नसते. ‘विद्यार्थिनी सुशील व अभ्यासू आहे’ एवढ्यावर पत्र संपते. म्हणून जून-जुलैतच शिक्षकांना विनंती करावी, आणि वर्गातील कोणते काम, कोणता प्रकल्प त्यांना आठवावा याचे एक टिपण नम्रपणे त्यांच्या हाती द्यावे.

दुसरी गोष्ट पैशाची. अनेक खासगी विद्यापीठांत वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही आर्थिक मदतीच्या मागणीचा निवडीवर परिणाम होऊ देत नाहीत आणि सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवतात. उरलेल्या बहुसंख्य ठिकाणी मदत मागितली तर निवड अधिक कठीण होते. म्हणून घरातून किती रक्कम देता येईल हे आधी ठरवावे आणि मुलांना स्पष्ट सांगावे. कित्येक घरांत मुलांना हा आकडा कधीच सांगितला जात नाही; मग एप्रिलमध्ये प्रवेशपत्र हातात असताना रडारड होते.

मदतीच्या अर्जासाठी अनेक विद्यापीठे ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचे सविस्तर पत्रक मागतात. त्यात उत्पन्न, मालमत्ता, कर्जे यांची माहिती द्यावी लागते आणि व्यवसाय असणाऱ्या घरांकडून काही ठिकाणी पेढीचा वेगळा तपशीलही घेतला जातो. आपल्या घरांची यात खरी परीक्षा असते. उलाढाल मोठी, नफा थोडा, पैसा उधारीत अडकलेला. हे बाहेरच्याला कळावे असे नीट मांडले पाहिजे. तेथे सनदी लेखापालांचे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु मदत मिळावी म्हणून या पत्रकात उत्पन्न कमी दाखवायचे, आणि पुढे पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद सिद्ध करताना व व्हिसाच्या वेळी तेच कुटुंब सधन दाखवायचे, असा सल्ला देणारेही भेटतात. एका कागदावर गरीब आणि दुसऱ्या कागदावर श्रीमंत! पेढीवर दुहेरी वह्या ठेवणाऱ्याचे शेवटी काय होते हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. येथे तर भोगावयाचे असते मुलाने, घरापासून हजारो मैलांवर.

तिसरी गोष्ट स्वाक्षरीची. अर्जाच्या शेवटी विद्यार्थी स्वतः असे प्रमाणित करतो की हे सारे लेखन माझे आहे आणि माहिती सत्य आहे. असत्य आढळल्यास दिलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. दुसऱ्याकडून किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून लिहून घेतलेला मजकूर आपला म्हणून देणे हेही कॉमन ॲप्लिकेशनच्या नियमांत फसवणुकीत मोडते. मार्गदर्शन घेण्यास हरकत नाही. शुद्धलेखन तपासून घ्यावे, ‘हे वाक्य कळत नाही’ असे सांगणारे कोणी तरी असावे. मात्र सतरा-अठरा वर्षांचे मूल आयुष्यातील पहिली महत्त्वाची स्वाक्षरी करत असते. ती खोट्या मजकुराखाली व्हावी आणि त्यासाठी पैसे आपण मोजावेत, हे कोणत्या पालकाला रुचेल? मुलीच्या वडिलांनी सल्लागार संस्थेला नकार कळवला तो हे कलम वाचल्यावर, माझ्या लेड क्रोमेटमुळे नव्हे.

वेळापत्रकाविषयी थोडे. अकरावीतच वाचन आणि विद्यापीठांची निवड सुरू करावी. एसएटी परीक्षा काही विद्यापीठांत ऐच्छिक आहे, एमआयटीसारख्या काही ठिकाणी पुन्हा आवश्यक झाली आहे. प्रत्येकाचा नियम त्यांच्याच संकेतस्थळावर पाहावा. इंग्रजीसाठी टोफेल वा आयईएल्टीएसची तयारी बारावीच्या आरंभीच उरकावी. लवकरच्या अर्जांची मुदत बहुधा १ नोव्हेंबरच्या सुमारास असते आणि नियमित अर्जांची जानेवारीच्या आरंभी. ‘अर्ली डिसिजन’ हा प्रकार बंधनकारक असतो: प्रवेश मिळाला तर इतर सारे अर्ज मागे घेऊन तेथेच जावे लागते. ज्या घराला मदतीच्या रकमांची तुलना करावयाची आहे, त्याने या प्रकारात शिरण्यापूर्वी दहादा विचार करावा. नियमित निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात आणि उत्तर बहुधा १ मेपर्यंत द्यायचे असते. आपल्या बारावीच्या परीक्षा मध्येच येतात, म्हणून अर्जाचे काम डिसेंबरअखेर संपलेच पाहिजे. दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पारपत्र यांवरील नावे तंतोतंत जुळतात की नाही हे आजच पाहावे. ‘शहा’ आणि ‘शाह’ यांच्यातील एका मात्रेने, किंवा मधल्या नावाच्या अभावाने, ऐन वेळी कशी धावपळ होते हे अनेकांनी अनुभवले आहे.

ज्यांना ब्रिटनमध्ये जावयाचे आहे त्यांची रीत निराळी. तेथे ‘यूकॅस’ या एकाच व्यवस्थेतून पाच पर्याय निवडता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबर, इतरांची मुख्य मुदत जानेवारीत असते. पूर्वी एक सलग निवेदन लिहावे लागे; २०२६ च्या प्रवेशांपासून त्याचे तीन प्रश्न करण्यात आले आहेत, एकूण मर्यादा ४,००० अक्षरांचीच आहे. तेथे कौटुंबिक प्रसंगाहून निवडलेल्या विषयाची ओढ आणि त्यासाठी केलेले वाचन यांना महत्त्व असते. एकच निबंध दोन्ही देशांना पाठवू नये.

आणि आहाराचा प्रश्न, जो पत्रांत सर्वांत शेवटी पण सर्वांत काळजीने विचारला जातो. अमेरिकेत अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी वसतिगृहात राहणे आणि तेथील भोजनाचे शुल्क भरणे सक्तीचे असते. शाकाहार बहुतेक ठिकाणी मिळतो. कंदमुळे वर्ज्य असणे मात्र समजावून सांगावे लागते. प्रवेश स्वीकारण्यापूर्वी भोजनगृहाच्या व्यवस्थापकांना मुलांनीच पत्र लिहून विचारावे. उत्तर कोणत्या प्रकारचे येते, त्यावरूनही त्या संस्थेची बरीच ओळख होते.

आता तो निबंध. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो पूर्ण झाला. निबंध इंग्रजीत होता. पाठवण्यापूर्वी तो आण्णांना मराठीतून वाचून दाखवावा असे तिच्या मनात आले, आणि तिने मलाही बोलावले. आम्ही पेढीवरच बसलो होतो. तिने लिहिले होते की आजोबांनी त्या शेतकऱ्यावर विश्वास ठेवला, आपल्याला त्या वेळी ते भोळेपण वाटले, पुढे मात्र समजले की विश्वास हेच व्यापाराचे खरे भांडवल आहे. समाप्ती गोड होती. माझ्या शिक्षकी मनाला ती आवडलीही होती.

आण्णांनी शेवटपर्यंत ऐकले. ‘चांगले लिहिले आहेस, बाळ,’ ते म्हणाले. ‘पण तसे झाले नव्हते. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. चाळीस होते, हे मलाही आठवत होते.’

‘मग पंधरा का लिहिलेत, आण्णा?’

‘त्याचे घर पडले होते. उरलेले सोडून देतो असे मी सर्वांसमोर म्हणालो असतो तर तो पुन्हा पेढीची पायरी चढला नसता.’

‘पण मग वही खोटी झाली ना?’

आण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मुलाला कपाटातून त्या वर्षाची एक वही काढावयास सांगितले. त्यांच्या स्वतःच्या खात्याच्या पानावर, त्याच तारखेस, पंचवीस हजार रुपये त्यांच्याच नावे टाकलेले होते. पुढे काही लिहिलेले नव्हते. हे पान त्यांच्या मुलानेही कधी लक्षपूर्वक पाहिले नव्हते.

मुलगी त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिली. मुदतीला चार दिवस उरले होते. तिने निबंधाचा उत्तरार्ध काढून टाकला आणि जे घडले ते जसेच्या तसे लिहिले. शेतकऱ्याचे नाव, गाव काहीही न देता. समाप्ती पहिल्यासारखी गोड राहिली नाही. आजोबांचे वागणे योग्य होते की नाही, हे आपण अजून ठरवू शकलेलो नाही. ज्याला खरे माहीत आहे त्याने ते दुसऱ्यापासून झाकावे का, हा प्रश्न अजून मनात आहे, असे तिने प्रामाणिकपणे लिहिले. मला वाटते, अर्थशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या मुलीने याहून चांगले काही लिहिण्याची गरज नव्हती.

तिने आठ ठिकाणी अर्ज केले. पाच नकार आले. त्यांत तिच्या मनातील पहिली पसंती होती, आणि त्या रात्री ती जेवली नाही. एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत नाव राहिले. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एकात मदत अशी नव्हतीच; आण्णांनी स्वतः आकडे मांडून पाहिले आणि ‘हे पेलवणार नाही’ असे तिला समोर बसवून सांगितले. दुसरे, मध्य-पश्चिम भागातील एक लहान महाविद्यालय. तेथे शिष्यवृत्ती मिळाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती तिकडे गेली. निबंधामुळेच प्रवेश मिळाला असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येत नाही. विकत घेतलेल्या निबंधांवरही प्रवेश मिळतात, हेही मी नाकारत नाही.

परंतु त्या सल्लागार संस्थेने निबंध लिहून दिला असता तर ती वही कपाटातून बाहेर आली नसती. आपल्या आजोबांनी काय केले हे नात न समजताच दूर देशी निघून गेली असती, आणि मुलालाही ते कळले नसते. अर्जाच्या निमित्ताने त्या घरात एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर मिळाले. प्रवेश मिळो वा न मिळो, एवढे पदरात पडणारच होते.

म्हणून पत्रे पाठवणाऱ्या पालकांना माझे उत्तर असे: अर्ज कोणाकडून करून घेऊ नका. मुलांना तो करू द्या. आपण मुदती सांभाळा, पैशाचा आकडा स्पष्ट सांगा, कागदपत्रे जुळवा. आणि मुले घरातील जुन्या गोष्टी विचारू लागली तर दुकान अर्धा तास लवकर बंद करा.

पुढील अंकी शैक्षणिक कर्ज आणि समाजातील शिष्यवृत्ती निधी यांविषयी लिहीन. आपले प्रश्न अवश्य कळवावेत.